कलियुगाची मुदत कुणी वाढवली?

संस्कृती बुडाली, संस्कृती बुडाली म्हणून गळा काढणारा माणूस दिसला की मी पहिल्यांदा त्याचे पाय बघतो. हा उभा कुठाय? कारण खरोखर बुडणारा माणूस व्यासपीठावर शाल पांघरून, मध्ये मध्ये ग्लासातलं पाणी पीत बोलत नसतो. तो गटांगळ्या खातो. त्याच्या नाकातोंडात पाणी जातं. आमच्या बापजाद्यांच्या नाकातोंडात हजार-दीड हजार वर्षं पाणी जात होतं तेव्हा किनाऱ्यावर याच मंडळींचा सुवर्णकाळ चालला होता.

दोस्तांनो, या रडगाण्याची तुम्हाला सवय झालीय. भाषा बिघडली. संगीत गेलं. वाचणारे उरले नाहीत. पोरी ऐकत नाहीत. दर्जा घसरला — आणि दर्जा घसरला असं म्हणताना बोलणाऱ्याची नजर हळूच राखीव जागेवर बसलेल्या पोराकडं जाते, हे तुम्ही-आम्ही वर्गात बसून सोसलंय. त्याला ‘गुणवत्तेचा ऱ्हास’ म्हणतात. म्हंजे मी शाळेत आलो हाच ऱ्हास. मी दाराबाहेर होतो तोवर संस्कृती ठणठणीत होती.

तेव्हा माझा साधा सवाल आहे : ऱ्हास मोजायला सुरुवात कुठल्या सालापासून करायची? १८१८ ला पेशवाई बुडाली. तिच्या नावानं उसासे टाकणारे आजही आहेत, कादंबऱ्या आहेत, नाटकं आहेत. त्याच पेशवाईत पुण्यात आमच्या माणसाच्या गळ्यात थुंकायला मडकं आणि कमरेला पाऊलखुणा पुसायला झाडू, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त लिहून ठेवलंय. एकाच दिवशी, एकाच गावात, एकाची संस्कृती मावळते आणि दुसऱ्याच्या गळ्यातलं मडकं फुटतं. मग इतिहासकारानं त्या दिवसाला काय म्हणायचं? सूर्यास्त का सूर्योदय?

साहेबांच्या देशातही हा धंदा आहे. जर्मनीत ऑस्वाल्ड श्पेंग्लर नावाच्या माणसानं १९१८ आणि १९२२ साली दोन जाड खंड छापून सांगितलं की पश्चिमेची संस्कृती आता म्हातारी झाली. संस्कृती म्हंजे झाडासारखी. अंकुरते, फुलते, वाळते, हजारेक वर्षांत खेळ खलास. जर्मनी पहिलं महायुद्ध हरली, त्याच्या दुखण्याला हे मलम बरं होतं. आर्नोल्ड टॉयन्बी त्याच्यापेक्षा बरा. १९३४ ते १९६१ एवढ्या काळात त्यानं बारा खंड लिहिले आणि निदान एवढं तरी पाहिलं, की संस्कृतीच्या पोटात राहून तिचा नसलेला असा एक वर्ग असतो, आणि नवा धर्म त्याच्यातून उभा राहतो. पण झाडाची उपमा काही आमच्या प्राध्यापकांच्या डोक्यातून जात नाही. संस्कृती झाड असेल तर आम्ही कोण? पान नाही, फूल नाही. आम्ही खत. झाड वाळलं म्हणून खतानं रडायचं असतं होय?

पण श्पेंग्लर लांबचा. आपल्या घरातलं घड्याळ बघू. त्याचं नाव कलियुग.

महाभारतात वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला युगान्ताची लक्षणं सांगतो. ती लक्षणं एकदा मुळातून वाचा, भाषांतरं सगळीकडं मिळतात. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मोठ्यानं हसलो होतो, लायब्ररीतल्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. काय म्हणतो ऋषी? शूद्र ब्राह्मणाला ‘भो’ म्हणून बरोबरीनं हाक मारतील आणि ब्राह्मण शूद्राला ‘आर्य’ म्हणतील. शूद्र धर्म सांगतील आणि ब्राह्मण त्यांच्यापुढं बसून ऐकतील. शूद्र द्विजांची चाकरी करणार नाहीत. आणि पुढं सगळ्यात महत्त्वाचं : लोक देवांना सोडून एडूकांची पूजा करतील, पृथ्वीवर देवळं शोभणार नाहीत, जिकडं तिकडं एडूकच दिसतील. एडूक म्हंजे अस्थी पुरून वर उभारलेली वास्तू. जाणत्या संशोधकांनी त्यात बुद्धाचा स्तूप ओळखलेला आहे.

कळलं का? ज्याला ते जगबुडी म्हणतात ती आपली पहाट आहे. शूद्रानं तोंड उघडणं, बाईनं मान वर करणं, स्तूप उभे राहणं — यादी करायला बसलेल्या माणसाचे हात थरथरत होते. इतिहासकार रा. श. शर्मा यांनी तर या वर्णनांमागं त्या काळातलं खरंखुरं सामाजिक संकट शोधलं. खालचे लोक कर देईनात, काम करीनात, तेव्हा वरच्यांनी लिहिलेलं हे भविष्य. भविष्य कसलं, ती पोलीस ठाण्यात दिलेली फिर्याद आहे.

आणि मग पुढं काय होणार? कल्की येणार. शंभल गावात, विष्णुयश नावाच्या ब्राह्मणाच्या घरी. घोड्यावर बसून, तलवार घेऊन. येऊन काय करणार? पुन्हा वर्ण जागच्या जागी बसवणार. हा त्यांचा भविष्यकाळ. प्रत्येक संस्कृती आपल्या उद्याचं चित्र काढते. त्यांच्या उद्याच्या चित्रात घोडेस्वाराच्या तलवारीखाली कोण आहे ते नीट बघून घ्या.

आता हिशेबाची गंमत. बाबासाहेबांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र शासनानं १९८७ साली चौथ्या खंडात छापलं. लगेच राम-कृष्णाच्या परिशिष्टावरून बोंबाबोंब झाली, बंदी मागितली गेली, १९८८ च्या सुरुवातीला मुंबईचे रस्ते आधी त्यांच्या आणि मग आपल्या मोर्चांनी भरले. सगळी ताकद त्या एका परिशिष्टावर खर्च झाली. पण त्याच पुस्तकात कलियुगावर कोडी आहेत आणि त्यातलं एक सरळ विचारतं, की ब्राह्मणांनी कलियुग न संपणारं का केलं? ती पानं कमी वाचली गेली. खरं तर स्फोटक दारू तिथंच आहे.

हिशेब असा. मुळात कलियुग हजार वर्षांचं. आधीची संधी शंभर, नंतरची शंभर. एकूण १२००. युद्धानंतर, राजे बदलल्यानंतर, परचक्र येऊन गेल्यानंतर ही १२०० वर्षं कधीतरी संपायचीच. संपली तर सत्ययुग आलंय असं दाखवावं लागणार, आणि ते कुठून आणणार? मग शास्त्र्यांनी युक्ती काढली. ही वर्षं माणसांची नव्हेत, देवांची! देवाचं एक वर्ष म्हंजे माणसांची ३६०. मारा गुणाकार. १२०० गुणिले ३६०. झाली ४,३२,०००. सुरुवात धरली इ.स.पू. ३१०२. म्हंजे आजपर्यंत पाच हजार आणि काही वर्षं सरली. अजून सव्वाचार लाखांच्या वर बाकी.

एका गुणाकारात त्यांनी आपला भविष्यकाळ खाल्ला. जगात भाकरी चोरणारे आहेत, जमीन चोरणारे आहेत. हे लेको वर्षं चोरणारे. एवढी मुदत कशासाठी वाढवली, यावर माझं मत असं. चालू असलेला ऱ्हास हा फार सोयीचा असतो. काही सुधारणारच नाही म्हटल्यावर हातपाय कशाला हलवायचे? आणि स्वतःला नकोशा झालेल्या जुन्या चालीही ‘कलिवर्ज्य’ म्हणून गुपचूप बाजूला ठेवता येतात. पूर्वी पाप होतं असं कबूल करायची गरज नाही. (इथं ब्राह्मण्य म्हणतोय, जातीनं ब्राह्मण असलेला प्रत्येक माणूस नव्हे. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं हा फरक सांगितला होता. तरी कुणाला राग आला तर येवो.)

सगळ्यात वाईट म्हंजे हे घड्याळ आमच्याही खोपटात टांगलेलं होतं. माझी आज्जी काही झालं की म्हणायची, “कलियुग हाय लेका, कलियुग.” दूध महाग झालं, कलियुग. सून उलटून बोलली, कलियुग. मी एकदा म्हटलं, “आज्ये, तुला गावच्या हिरीवर पाणी कुठल्या युगात भरू दिलं असतं गं?” ती तपकीर ओढायची थांबली. म्हणाली, “सत्यात न्हाई, तरेतात न्हाई.” मग जरा वेळानं, “म्हंजी ह्येच बरं म्हणायचं का रं?” शंबुकाची गोष्ट तिला ठाऊक होती. तिनं स्वतःच हिशेब केला.

बरं, मग आमच्यातले काही मित्र काय करतात? ते घड्याळ उलटं फिरवतात. त्यांचा सुवर्णकाळ मागं, आमचाही सुवर्णकाळ मागं. आम्ही नाग होतो, आम्ही राजे होतो, सगळा महाराष्ट्र बुद्धाचा होता, मग भटांनी बुडवला, संपलं. टाळ्या. या भाषणात खरं आहे तेही आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. चला, दगड काय म्हणतात ते बघू.

कान्हेरीला तुम्ही गेला असाल. बोरिवली स्टेशनला उतरायचं, नॅशनल पार्कात शिरायचं. शंभराच्या वर लेणी आहेत. पोरं-पोरी जोडीनं फिरतात, वेफर्सची पाकिटं उडतात. फिरा, माझं काही म्हणणं नाही. पण भिंतीवरची अक्षरंही बघा. दान देणारे कुठले? कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे. आज जिथून चौथ्या सीटसाठी मारामारी करत तुम्ही लोकलनं येता तीच गावं. कल्याणच्या एका लोहारानं तिथं वाट बांधून दिली. देऊळ नाही, मूर्ती नाही. डोंगरात चालायला वाट. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराचं काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं केलं, त्याचं नाव तिथं आहे. जुन्नरला बुरूडकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी दान देते. तिकडं आंध्रात अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या चांभाराचं दान कोरलेलं आहे. चांभाराचं नाव दगडावर! पुढं हजार वर्षं ज्याची सावली चालत नव्हती त्याच्या हाताचा दगड तेव्हा स्तूपाला चालला. ही गोष्ट लहान नाही. हे वाचून माझ्या अंगावर काटा येतो आणि येणारच.

पण थांबू नका. नाशिकला चला, त्रिरश्मी डोंगरावर. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात, हेच बघा ना, पांडव तिथं कधी गेले? नाव बदललं की मालक बदलतो. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यानं लेणं भिक्षूंना दिलं आणि त्यांच्या खर्चासाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडं ३००० कार्षापण ठेव ठेवली. २००० एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजानं. १००० दुसरीत, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं खायचं, कायमचं. याला अक्षयनीवी म्हणायचे. दोन हजाराचं व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब चोख बसतो. हासुद्धा भविष्यकाळच आहे, आणि देवांच्या वर्षांत न मोजता मागावर मोजलेला.

आता दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली : वर्षाला दोनशे चाळीस कोण कमावतं? विणकर. माग कुणाचा चालतो? विणकराचा. दगडावर नाव कुणाचं? उषवदाताचं. श्रेणीचा उल्लेख आहे, विणकराच्या नावाचा पत्ता नाही. दुसरी : हाच उषवदात त्याच लेण्यात मोठ्या अभिमानानं सांगतो, की मी तीन लाख गाई दान दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, वर्षाला लाखभर ब्राह्मणांना जेवू घातलं, प्रभासला आठ ब्राह्मणांची लग्नं लावून दिली. भिक्षूलाही, भटालाही. दोन्ही हातांनी.

आणि आमचे लाडके सातवाहन? नाणेघाटात नागनिका राणीचा लेख आहे, त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी संपता संपत नाही. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या पोराची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी गाते. त्यात एक थोरवी अशी, की त्यानं चार वर्णांचा संकर थांबवला. कुठं कोरलंय हे? भिक्षूंना दान दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर! भिक्षू खाली बसून ध्यान करत होते आणि डोक्यावर वर्णव्यवस्थेचं कौतुक कोरलेलं होतं. कुणी छिन्नी घेऊन ती ओळ खरवडली नाही. दान दिलेल्या घोड्याचे दात मोजायचे नसतात, असं म्हणाले असतील.

सुवर्णकाळ म्हणणाऱ्या मित्रा, ही भिंत वाचून ये, मग बोलू.

बुद्धाची संस्कृती इथं का बुडाली याची कारणं पुष्कळ सांगतात. व्यापार आटला, राजांचा आधार सुटला, विहार जमीनदार झाले. बाबासाहेबांनी ब्राह्मणी प्रतिक्रांती सांगितली, मुसलमानी आक्रमणात विहार आणि भिक्षू मारले गेले हेही सांगितलं. पण ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये त्यांनी आणखी एक कारण दिलंय आणि मला ते सगळ्यांत धारदार वाटतं, कारण ते शत्रूवर ढकलून मोकळं होत नाही. ते म्हणतात, संघात शिरणाऱ्या भिक्षूला दीक्षा होती; घरसंसार करणाऱ्या उपासकाला वेगळी धम्मदीक्षा नव्हती. त्यामुळं उपासक आज इकडं, उद्या तिकडं, नाहीतर एकाच वेळी दोन्हीकडं. मोठी उणीव होती ती, आणि बुडण्याच्या कारणांतलं एक कारण.

आता उषवदाताचे दोन हात आठवा. कोडं सुटलं की नाही?

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला लाखो माणसं, आणि एकालाही चीवर नाही. गिरणीत जाणारी, रस्ता झाडणारी, पोरं कडेवर घेतलेली माणसं. त्यांना दीक्षा. आणि नुसता त्रिशरण-पंचशील म्हणून सोडलं नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. हे मानणार नाही, ते पूजणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वी नावेला जे भोक राहिलं होतं त्यावर ही खिळा-पट्टी. बाबासाहेब अजिंठ्याकडं परत चालले नव्हते. तसं असतं तर त्यांनी जुनी पोथी जशीच्या तशी हातात दिली असती. त्यांनी तर सिद्धार्थानं म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून घर सोडलं ही गोष्टच नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा तंटा, युद्धाला विरोध आणि त्यापायी घर सोडणं ही गोष्ट पुढं मांडली. चवदार तळ्याचा माणूस पाण्याचा तंटा ओळखणारच. भूतकाळातलं काय घ्यायचं, काय टाकायचं, कुठं टाका घालायचा, हे त्यांनी उद्याकडं तोंड करून ठरवलं.

श्पेंग्लरचं झाड, मार्कंडेयाचं युग, आमच्या मित्रांचा सुवर्णकाळ, तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. तिथं तुम्हाला करण्यासारखं काही नाही. ऋतू येतो, युग येतं, शत्रू येतो. भोक कुठं पडलं ते बघायचं कामच उरत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला. पाटी बदलली १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत माणसं मारली गेली, घरं जळली, लाँग मार्च निघाला. त्या वर्षांत कुणी ‘ऋतू येईल’ म्हणून बसलं असतं तर पाटी आजही जुनीच असती. उलट पँथर १९७२ ला उठली आणि १९७७ ला बरखास्त झाली, तिची कारणं आम्ही अजून नीट लिहून काढलेली नाहीत. ‘काळ वाईट होता’ म्हणतो आणि पुढं जातो. हेही कलियुगच.

मग आजचं भोक कुठाय? मला दिसतं ते सांगतो. प्रतिज्ञा फोटोच्या फ्रेममध्ये, आणि लग्न ठरवताना पोटजात विचारली जाते. दिवाणखान्यात बुद्ध, आणि स्वयंपाकघरात गुरुवारचा उपास. आणि दगडावरचं नाव. जयंतीच्या कमानीवर बाबासाहेबांचा फोटो केवढा आणि ‘सौजन्य’वाल्या नगरसेवकाचं थोबाड केवढं, हे फुटपट्टी घेऊन मोजा एकदा. उषवदात मेला कुठं?

आमच्याच वस्तीचं घ्या. आमचा विहार बायकांच्या आठवड्याच्या रुपया-रुपयावर उभा राहिला. विटा आमच्या गवंड्यांनी फुकट रचल्या, रात्रपाळी करून आलेल्या पोरांनी स्लॅबला पाणी मारलं. आता वस्ती पाडून टॉवर होतोय. बिल्डर म्हणतो, तळमजल्यावर एसी हॉल देतो, संगमरवरी बुद्ध देतो, थायलंडहून आणतो. फक्त दारावर एक पाटी लावा, माझ्या वडलांच्या स्मरणार्थ. कमिटीतल्या बुजुर्गांना यात काही वावगं वाटत नाही. “अरे, फुकट मिळतंय, पाटीनं काय होतं?” दादा, पाटीनं काय होतं ते त्रिरश्मीच्या डोंगरावर बघून या. आज त्याच्या बापाचं नाव दारावर, उद्या त्याच हॉलमध्ये त्याची पूजा, कारण हॉल त्याचा. परवा आमच्या पोराला कुणी विचारलं, हे कुणी बांधलं, तर पोरगं पाटी वाचून दाखवील.

मी हिशेब मांडलाय. दोनशे घरं. महिना पन्नास रुपये घरटी. महिन्याला दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार. दिवे, पाणी, झाडलोट, पुस्तकं, शनिवार-रविवारचा पोरांचा अभ्यासवर्ग, सगळं भागतं. एसी नाही भागत. नसू दे, पंखे आहेत. संगमरवराऐवजी जुनीच मूर्ती, जी वस्तीतल्याच एका मूर्तिकारानं केली आणि जिचं नाक थोडं वाकडं आहे. पाटी लावायचीच तर दोनशे नावांची लावू; आडनावं न लिहिता, बायकांची नावं आधी.

रविवारी कमिटीची मीटिंग आहे. वही आणलीय, पहिल्या चार पानांवर नावं लिहून झालीत. त्रेचाळीस घरांनी पहिला हप्ता दिलाय. बाकीच्यांकडं या आठवड्यात फिरायचंय, संध्याकाळी सातनंतर, ज्याला सवड असेल त्यानं यावं. बिल्डरचा माणूसही मीटिंगला येणार असं ऐकतो. येऊ दे. चहा पाजू, आणि वही त्याच्याही पुढं ठेवू.